नगरपालिकेने व्यसनमुक्तीची उपचारसेवा करारावर घ्यायची, तर करारात काय लिहावे?

अंत्रूजकर (फोंडा तालुका)

सर्व सभासदांना नमस्कार. गोव्यातील आमच्या नगरपालिकेने गेल्या महिन्यात घेतलेल्या एका ठरावासंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या रहिवाशांच्या उपचारांसाठी पालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून वर्षाला १२ लाख रुपये राखून ठेवावेत आणि एखाद्या संस्थेशी करार करून ही सेवा उपलब्ध करून द्यावी, असा तो ठराव आहे. मसुदा तयार करण्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीत नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून मला घेतले आहे. मी निवृत्त शिक्षक आहे. वैद्यकाचे किंवा कायद्याचे शिक्षण मला नाही, पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

गेल्या चवथीच्या आधल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी वारला. वय अवघे ३४. यकृत पूर्ण निकामी झाले होते. चार वर्षांत तो तीन वेळा तीन वेगवेगळ्या केंद्रांत प्रत्येकी महिनाभर राहून आला होता, आणि तिन्ही वेळा घरी परतताना त्याची तब्येत सुधारलेली होती. त्याच्या आईने मला सांगितले की घरी आल्यानंतर एकाही केंद्रातून 'मुलगा कसा आहे' असे विचारणारा एक फोनसुद्धा आला नाही. मी समितीवर जायचे मान्य केले ते तिच्या या एका वाक्यामुळे.

कार्यालयाने जो कच्चा मसुदा समितीपुढे ठेवला आहे त्यात असे म्हटले आहे की संस्थेने पालिकेच्या शिफारशीने येणाऱ्या रुग्णांसाठी ५ खाटा राखून ठेवाव्यात, प्रत्येक रुग्णाला ३० दिवस ठेवावे, प्रति खाट प्रति दिवस या हिशेबाने देयक सादर करावे, आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम द्यावे. हा मसुदा कचरा उचलण्याच्या कंत्राटावरून बेतला असल्याचे कारकुनांनी प्रामाणिकपणे सांगितले, कारण अशा कामाचा दुसरा नमुनाच कार्यालयात नाही. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, परंतु हा मसुदा असाच संमत झाला तर माझ्या विद्यार्थ्यासारख्या मुलाला चौथ्यांदा महिनाभराची खाट मिळेल आणि त्यापलीकडे काहीही मिळणार नाही, अशी मला भीती वाटते.

म्हणून विचारतो. मुळात पालिकेला अशी सेवा घेण्याचा अधिकार आहे का? इंग्लंडमध्ये हे काम स्थानिक कौन्सिलच करतात असे ऐकले आहे; त्यांचा अनुभव काय आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसे नेमके कशासाठी मोजावेत?

निवृत्त लेखापाल (डिचोली)

मास्तर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगे १८ विषय आहेत आणि त्यांत सार्वजनिक आरोग्य आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतही आरोग्याचा विषय आहे. अनुसूचीत नाव असले म्हणजे राज्याने तो विषय पूर्णपणे सोपवला असे होत नाही, त्यामुळे ठराव राज्य सरकारच्या नगरविकास खात्याकडे पाठवून आधीच लेखी मान्यता घ्यावी. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की सर्वांत आधी बंद पडतात त्या अशाच नव्या, चांगल्या योजना. हे मी माझ्या नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

याहून महत्त्वाची एक तरतूद फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. अमली पदार्थविषयक १९८५ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिच्यावरील खटल्यापासून तिला संरक्षण मिळते. हे उपचार सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने चालवलेल्या अथवा मान्यता दिलेल्या संस्थेत घेतलेले असावे लागतात. स्थानिक प्राधिकरण हा शब्द कायद्यातच आहे. म्हणजे पालिकेची मान्यता ही केवळ कागदावरची शोभा नसून एखाद्या विशीतल्या मुलाचे पुढचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असू शकते. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते, हेही त्याच कलमात आहे. म्हणून उपचार कोणत्या टप्प्यावर पूर्ण झाले असे मानायचे, याची व्याख्या करारात स्पष्ट असायला हवी.

दुसरी अट टाळता येण्यासारखी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. त्यामुळे असे रुग्ण भरती करून घेणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असली पाहिजे. नोंदणीची प्रत जोडलेली नसेल तर ती निविदा उघडूच नये.

आता पैशांविषयी. १२ लाखांना ५ खाटांनी आणि ३६५ दिवसांनी भागले तर एका खाटेला दिवसाला सुमारे ६५७ रुपये पडतात. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, औषधे, दोन वेळचे जेवण, चहा आणि जागेचे भाडे हे सगळे एवढ्यात बसवायचे, आणि वर सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचे, असे म्हटल्यावर कशावर काट मारली जाईल ते मी वेगळे सांगायला नको. निविदा दोन लिफाफ्यांची ठेवा: पहिल्या लिफाफ्यात कामाची गुणवत्ता, माणसे आणि अनुभव तपासून गुण द्यावेत, आणि किमान गुण मिळवणाऱ्या संस्थांचाच दराचा लिफाफा उघडावा. दराला एकूण गुणांत थोडाच वाटा असू द्यावा.

वित्त आयोगाच्या अनुदानाकडे मात्र या कामासाठी पाहू नये. पंधराव्या आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातील मोकळा, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, हिस्साही पगार आणि आस्थापना यांवर खर्च करता येत नव्हता, आणि ही सेवा मुळात माणसांच्या पगारावरच चालते. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. दारूवरील अबकारी महसूल राज्याच्या तिजोरीत जातो, पालिकेच्या नाही. दारूने मोडलेले घर मात्र पालिकेच्याच एखाद्या वाड्यावर असते. या सेवेसाठी राज्याकडे वाटा मागणारा ठराव याच बैठकीत संमत करून घ्यावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

पेडण्याची लेक (सध्या स्विंडन)

मी मूळची पेडण्याची. गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि त्यांतील सहा वर्षे दारू व अमली पदार्थांच्या उपचारसेवेत रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम केले आहे. आपला दुसरा प्रश्न वाचून लिहायला बसले.

इंग्लंडमध्ये २०१२ च्या आरोग्य आणि समाजसेवा कायद्यानुसार एप्रिल २०१३ पासून सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी मोठ्या स्थानिक कौन्सिलांकडे आली आणि तिच्यासोबत व्यसनांवरील उपचारांचीही. त्यासाठी केंद्र सरकार त्यांना सार्वजनिक आरोग्याचे वेगळे अनुदान देते. बहुतेक कौन्सिले हे उपचार स्वतः करत नाहीत. आपल्या भागात किती लोकांना कशाची गरज आहे याचा अंदाज घेऊन त्या कामाचे सविस्तर वर्णन लिहितात, निविदा काढतात, एखादी धर्मादाय संस्था किंवा शासकीय आरोग्यसेवेतील एखादा विभाग निवडतात आणि काही वर्षांसाठी करार करतात. या सगळ्या प्रक्रियेला इकडे कमिशनिंग म्हणतात.

या पद्धतीतील एक गोष्ट आपण जरूर घ्यावी, ती म्हणजे पहिली पायरी. पैसे कशासाठी ते ठरवण्याआधी गरज मोजायची. आपल्या पालिकेने दोन महिने थांबून आरोग्य केंद्र, १०८ रुग्णवाहिका, पोलीस ठाणे, शाळा आणि अंगणवाडी सेविका यांच्याशी बोलून एक चार पानांचा अहवाल तयार केला, तरी ५ खाटा हा आकडा कुठून आला याचा पहिल्यांदा विचार होईल.

जी गोष्ट अजिबात घेऊ नये ती मला अनुभवाने कळली आहे. मी ज्या सेवेत होते तिचा करार संपला, नव्याने निविदा निघाली आणि काम दुसऱ्या संस्थेकडे गेले. संस्था वाईट नव्हती. कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या नव्या संस्थेकडे त्याच अटींवर वर्ग व्हाव्यात असा तिथे कायदा आहे, त्यामुळे कागदोपत्री आम्ही सगळे तसेच राहिलो. प्रत्यक्षात मात्र करार संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत अनिश्चिततेला कंटाळून चांगली माणसे एकामागून एक सोडून गेली, कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला हलले, संगणकप्रणाली बदलली आणि जुन्या नोंदी वेळेवर आल्या नाहीत. पन्नाशीतले एक गृहस्थ चौदा महिने दर मंगळवारी न चुकता माझ्याकडे येत असत. नव्या जागेत त्यांना आपली सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून एका अनोळखी मुलीला सांगावी लागली. दोनदा आले, तिसऱ्यांदा आलेच नाहीत. त्यांचे पुढे काय झाले ते मला कळले, आणि ते इथे लिहिण्याची माझ्या मनाची तयारी नाही.

तिथल्या ज्येष्ठ डॉक्टर डेम कॅरोल ब्लॅक यांनी सरकारच्या सांगण्यावरून केलेल्या अमली पदार्थांविषयीच्या स्वतंत्र परीक्षणाचा दुसरा भाग जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिबंध, उपचार आणि पुनर्वसन यांची त्या वेळची सार्वजनिक व्यवस्था कामाला पुरी पडण्यासारखी राहिलेली नाही, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष होता. कमी झालेला निधी आणि अनुभवी माणसांची गळती यांवर त्यांनी बोट ठेवले. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने दहा वर्षांचे धोरण जाहीर केले आणि उपचार व पुनर्वसनासाठी स्थानिक कौन्सिलांना तीन वर्षांत ५३ कोटी ३० लाख पौंड जादा द्यायचे ठरवले. म्हणजे जे हळूहळू मोडू दिले होते, ते पुन्हा उभे करायला एवढा पैसा मोजावा लागला.

म्हणून आपल्या करारात हस्तांतरणाचे कलम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. काम दुसऱ्या संस्थेकडे जायचे झाले तर किमान तीन महिने दोन्ही संस्थांनी एकत्र काम करावे, प्रत्येक रुग्णाची नव्या समुपदेशकाशी भेट जुन्या समुपदेशकाच्या उपस्थितीत व्हावी, आणि रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी त्याच आठवड्यात सुपूर्द व्हाव्यात. करार एका वर्षाचा तर मुळीच नको. तीन वर्षांचा असावा आणि काम समाधानकारक असेल तर पुढे दोन वर्षे वाढवण्याची सोय असावी. एका वर्षाच्या करारावर कुणी चांगला समुपदेशक नोकरी धरत नाही.

पैसे कशासाठी मोजावेत हा आपला प्रश्न इंग्लंडलाही पडला होता. २०१२ पासून तिथल्या ८ भागांत प्रयोग म्हणून संस्थांच्या देयकाचा काही भाग निकालाला बांधला: रुग्ण व्यसनातून बाहेर पडला तर पैसे, नाहीतर नाहीत. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटते. पण नंतर जेव्हा इतर भागांशी तुलना केली, तेव्हा या ८ भागांत उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण उलट घटल्याचे दिसून आले. 'किती जण बरे झाले त्यावर पैसे देऊ' असे आपल्या समितीत कुणीतरी नक्की म्हणेल. त्या वेळी हे आवर्जून सांगा. बरे होण्यावर पैसे लावले की जो बरा होण्याची शक्यता कमी, तो माणूस कुणालाच नकोसा होण्याचा धोका असतो.

आरोग्य केंद्रातील डॉक्टर (उत्तर गोवा)

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मला सांगायचे ते असे की उपचार म्हणजे खाट हे समीकरणच आधी सोडायला हवे, आणि त्याचा पुरावा शोधायला गोव्याबाहेर जाण्याचीही गरज नाही.

मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या पर्वरीच्या संगत संस्थेने गोव्यातीलच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक मोठी चाचणी केली होती. अपायकारक प्रमाणात दारू पिणारे, पण पूर्णपणे तिच्या आहारी न गेलेले ३७७ पुरुष तिच्यात होते. त्यांतील निम्म्या लोकांशी, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला, शक्य असेल तिथे केंद्रात आणि नाहीतर त्यांच्या घरी. तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के लोकांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. वर्षाच्या अखेरीस तेच आकडे सुमारे ५४ आणि ३२ टक्के होते. हे निष्कर्ष २०१६-१७ मध्ये लॅन्सेट व प्लॉस मेडिसिन या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. आपल्याच फोंडा-बार्देशसारख्या तालुक्यांतील माणसांवर सिद्ध झालेली पद्धत आपल्याच पालिकेच्या मसुद्यात नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रुग्ण कोणत्या पायरीवर आहे हे ओळखायला जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे. तिचे गुण ० ते ४० असतात आणि ती भरायला पाच मिनिटे पुरतात. वर सांगितलेली समुपदेशन-पद्धत १२ ते १९ गुणांच्या लोकांसाठी होती. २० किंवा त्याहून अधिक गुण असतील तर माणूस बहुधा दारूवर अवलंबून झालेला असतो, आणि त्याला डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे. असा माणूस एकाएकी दारू सोडतो तेव्हा पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. योग्य औषधे, बी-१ जीवनसत्त्व आणि देखरेख मिळाली तर हे बहुतांशी टाळता येते. म्हणून ज्या केंद्रात डॉक्टर नियमित येत नाही तिथे ही पहिली आठवड्याभराची पायरी करूच नये. ती म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात अथवा बांबोळीच्या मनोविकार संस्थेत व्हावी आणि करारात तसा दुवा नावानिशी लिहावा.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले ना कसले उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात किंवा केंद्रात भरती होऊन उपचार तर १८० पैकी एकालाच. आपल्या ५ खाटांत महिन्याला एक याप्रमाणे वर्षाला फार तर ६० माणसे बसतील. त्याच १२ लाखांत महिना २५,००० रुपयांवर दोन समुपदेशक नेमले तर वर्षाला ६ लाख रुपये होतात. त्यांनी आरोग्य केंद्रात बसावे, घरी जावे आणि वर्षभर संपर्क ठेवावा. उरलेल्या ६ लाखांत डॉक्टरांच्या फेऱ्या, प्रवास, प्रशिक्षण आणि ज्यांना खरोखर गरज आहे अशा थोड्यांसाठी खाटा, हे सगळे भागू शकते.

एक सूचना राहिली. मसुद्यात रहिवासी हा शब्द आहे, तो मतदारयादी किंवा घरपट्टीच्या पावतीवरून ठरवू नका. कुंडई आणि बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारी, भाड्याच्या खोलीत चार-पाच जण मिळून राहणारी माणसे आमच्याकडे तपासणीला येतात. त्यांच्या नावाची कोणतीच पावती नसते.

सत्तरीची सून (सत्तरी तालुका)

मी सहसा इथे फक्त वाचते. पण मास्तरांनी लिहिलेले त्या आईचे वाक्य वाचले आणि राहवले नाही.

माझे यजमान आता नऊ वर्षे दारूपासून दूर आहेत. त्याआधीची गोष्ट सांगते. घरच्यांच्या सांगण्यावरून राज्याबाहेरील एका केंद्राची गाडी पहाटे आली आणि चौघांनी त्यांना झोपेतून उचलून नेले. मी फॉर्मवर सही केली होती, आणि त्या सहीचे ओझे आजही माझ्या मनावर आहे. तिथे त्यांना एका खोलीत कोंडून ठेवले होते, फोन करू देत नव्हते आणि महिनाभर एकही डॉक्टर आला नाही. महिन्याने घरी आले ते माझ्याशी न बोलणारे यजमान, आणि जत्रेच्या रात्री पुन्हा पिऊन आले. कोंडून ठेवणे कायद्यात बसत नाही, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा पालिकेच्या करारात असे स्पष्ट लिहावे की कुणालाही जबरदस्तीने उचलून आणले जाणार नाही, आणि समितीतील कुणीही न कळवता कोणत्याही दिवशी जाऊन रुग्णांशी एकान्तात बोलू शकेल.

ते सावरले ते आरोग्य केंद्रातील एका समुपदेशक बाईंमुळे आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-आधार गटाच्या बैठकांमुळे. त्या बाई पहिले सहा महिने दर आठवड्याला आणि नंतर महिन्यातून एकदा फोन करत. चवथीला, शिगम्याला आणि घरात लग्नकार्य असले की आधी दोन दिवस हटकून करत, कारण घसरायला होते ते याच दिवसांत. फोन दोनच मिनिटांचा असे, पण कुणीतरी विचारणार आहे हे त्यांना ठाऊक असायचे. पैसे कशासाठी मोजावेत असे विचारता ना, तर त्या फोनसाठी मोजा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसला मात्र पैसे देऊ करू नका. त्यांच्या परंपरेप्रमाणे ते बाहेरची मदत घेत नाहीत. त्यांना बैठकीसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ पालिकेचे सभागृह नाममात्र भाड्याने दिले तरी फार मोठे काम होईल.

मसुद्यातील 'पालिकेच्या शिफारशीने' हे शब्द कृपा करून काढून टाका. आमच्यासारख्या गावात नगरसेवकाकडे शिफारशीची चिठ्ठी मागायला जाणे म्हणजे सगळ्या बाजाराला सांगणे. माझ्या वाड्यावरच्या एका बाईला स्वतःलाच उपचारांची गरज आहे. ती नवऱ्यालाही सांगू शकत नाही, तर नगरसेवकाला काय सांगणार? बायकांसाठी वेगळी वेळ आणि वेगळे दार असावे. पालिकेला फक्त आकडे कळावेत, नावे कधीच कळू नयेत.

आणि घरच्यांचाही विचार व्हावा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तिथे कुटुंबालाही उपचारांचा भाग मानतात. माझी झोप, माझी भीती, मुलाचे शाळेतले गप्प बसणे, हे कुणी विचारले असते तर मी ती सही इतक्या घाईने केली नसती.

निवृत्त लेखापाल (डिचोली)

सत्तरीच्या ताईंच्या सूचनेला कायद्याचा आधार आहे. २०१७ च्या कायद्यात रुग्णाची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. देयकाला नावाऐवजी सांकेतिक क्रमांक जोडता येतो; लेखापरीक्षकाला तो चालतो, फक्त मूळ नोंदवही संस्थेच्या डॉक्टरांच्या ताब्यात राहील असे करारात लिहावे लागते.

अंत्रूजकर (फोंडा तालुका)

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार कसे मानावेत ते कळत नाही. ही सर्व उत्तरे मी छापून घेतली आणि काल समितीच्या बैठकीत वाचून दाखवली. सत्तरीच्या ताईंचे पत्र वाचताना माझाच आवाज दाटला, त्यामुळे शेवटचा भाग आमच्या अध्यक्षांनी वाचला.

शिफारशीची अट एकमताने काढली. खाटांवर आधारलेला दरही काढला. आता असे ठरते आहे की देयकाचा मोठा भाग ठरावीक मासिक रकमेने द्यावा, म्हणजे समुपदेशकांचे पगार थांबणार नाहीत. राहिलेला भाग संपर्क टिकवण्यासाठी असेल: रुग्ण पुन्हा प्यायला लागला असला तरीही तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात संस्थेने त्याची किंवा त्याच्या घरच्यांची भेट घेतल्याची नोंद असली की तो मिळेल. यात बरे होण्यावर पैसे नाहीत, आणि जो घसरला त्याला सोडून देण्यात संस्थेचा फायदाही नाही. पेडण्याच्या ताईंनी सांगितलेल्या ८ भागांचा अनुभव ऐकल्यावर ही कल्पना समितीतील सर्वांत तरुण नगरसेविकेला सुचली. तीन वर्षांची मुदत आणि तीन महिन्यांचे हस्तांतरण हेही मसुद्यात आले आहे.

दोन सदस्यांचा अजून आग्रह आहे की किमान दोन खाटा वर्षभर राखून ठेवाव्यात, नाहीतर लोकांना दाखवायला काही राहणार नाही. हा मुद्दा गुरुवारच्या बैठकीत निघेल. त्याआधी गरजेचा अहवाल हाती असला तर मला बोलायला आधार मिळेल. डॉक्टरसाहेब, ऑडिटच्या दहा प्रश्नांची मराठी प्रत आणि थोडा वेळ, दोन्ही मिळतील का?

आरोग्य केंद्रातील डॉक्टर (उत्तर गोवा)

प्रत आहे. व्यक्तिगत संदेशातून केंद्राचे नाव कळवतो. मंगळवारी दुपारी दोन वाजता बाह्यरुग्ण विभाग संपतो, त्यानंतर या. समितीतील त्या तरुण नगरसेविकेलाही सोबत आणा. आमच्या केंद्रात वर्षभरात दारूशी संबंधित किती रुग्ण तपासले आणि त्यांतील किती जण दुसऱ्यांदा आले, एवढे दोन आकडे मी तोपर्यंत नावे वगळून काढून ठेवतो. माझा अंदाज आहे की दुसरा आकडा फार लहान निघेल, आणि गुरुवारी बोलायची सुरुवात आपण त्याच्यापासून करावी.